कधीपासून दुखतं?

पाठ दुखणाऱ्या माणसाला टेकायला जागा दिली नाही की तो लवकर खरं बोलतो, असं डॉ. मधुसूदन पोतनीस म्हणत. त्यामुळे त्यांच्या खोलीत भेटायला येणाऱ्यांसाठी दोन स्टुलं होती. प्लॅस्टिकची, बिनपाठीची. स्वतः डॉक्टरांना खुर्ची होती, पण ते तिला टेकत नसत. साठी उलटून बरीच वर्षं झाली तरी ते इतके ताठ बसत, की समोर वाकून बसलेल्या माणसाला आपणच काही गुन्हा केला आहे असं वाटावं. तसं वाटलं तर त्यांची हरकत नसे.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेत गेले. आमच्या वर्तमानपत्रात छोटी बातमी आली. ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञ, विद्यार्थिप्रिय अध्यापक, असंख्य रुग्णांचा आधार. धरमपेठेत शोकसभा झाली. वडिलांची पाठ शेवटच्या दिवसापर्यंत एकदाही दुखली नाही, असं मुलाने तिथे सांगितलं, आणि श्रोत्यांनी कौतुकाने माना हलवल्या. बातमीत खोटं काही नव्हतं. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाल्यानंतरची वर्षं तेवढी तिच्यात नव्हती. ती इथे आहेत.

निवृत्तीनंतर पोतनीस एका दावे तपासणाऱ्या कंपनीत वैद्यकीय सल्लागार झाले. ही कंपनी विमा विकत नाही आणि उपचारही करत नाही. ती विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्या मधे बसते, कागद पाहते आणि दावा मंजूर करावा की नाही हे सुचवते. सुचवलेलं बहुतेक वेळा तसंच होतं. पोतनीसांकडे हाडांचे आणि मणक्यांचे दावे येत. त्यांतला एक प्रकार त्यांच्या विशेष आवडीचा होता, तो म्हणजे मणक्यातलं इंजेक्शन.

दोन मणक्यांमधली चकती सरकून शीर दाबली गेली, की कमरेतून निघालेली कळ पायापर्यंत जाते. गोळ्यांनी आणि व्यायामाने भागलं नाही, तर डॉक्टर त्या शिरेजवळ लांब सुईने औषध सोडतात. सूज उतरते. काहींचं ऑपरेशन टळतं. काम थोड्या वेळाचं असतं आणि माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातो.

"आणि तिथंच फसतो," पोतनीस म्हणत.

मी तेव्हा आरोग्याच्या बातम्या करत होतो. या इंजेक्शनांचे दावे का फेटाळले जातात, हे विचारायला त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या जागेवरची माणसं सहसा पत्रकाराला भेटत नाहीत. पोतनीस भेटले, कारण त्यांना आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो ऐकून घ्यायला घरी कोणी तयार नव्हतं. टेबलावर प्लॅस्टिकचा पाठीचा कणा उभा होता. शिकवण्याच्या दिवसांतला. कार्यालयाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी त्याच्या खालच्या मणक्याला अडकवला होता. त्यांनी पेन्सिल उचलली आणि वरून सुरुवात केली.

"रुग्णालयात चोवीस तास राहिला का? नाही राहिला. मग ही भरतीच नाही."

"पण काही उपचारांना एवढा वेळ लागत नाही," मी म्हणालो. "त्यांची पॉलिसीत यादी असते ना?"

"असते की. यादीत हे इंजेक्शन नेमकं त्याच नावाने आहे का, ते पाहायचं. रुग्णालयवाले एक नाव लिहितात, यादीत दुसरं असतं. दोन्ही एकच, हे मला कळतं. पण मला कळून काय उपयोग? मी भाषांतरकार नाही."

पेन्सिल खाली सरकली. आधी फिजिओथेरपी केली होती का? केली असेल तर तिचा कागद कुठे आहे? लोक करतात, पण गल्लीतल्या माणसाकडून करून घेतात आणि तो कागद देत नाही. पुढे, पॉलिसीला दोन वर्षं झाली का? मणक्याच्या दुखण्याला बहुतेक पॉलिसींत तेवढं थांबावं लागतं. मधेच चहा आला. पोतनीसांनी तो पिताना पाठ जराही पुढे आणली नाही, कप तोंडाकडे आणला. मग किल्ल्या बाजूला करून त्यांनी पेन्सिल शेवटच्या मणक्यावर ठेवली.

"हा सगळ्यांत महत्त्वाचा. दुखणं पॉलिसीच्या आधीचं आहे का? आधीचं असून सांगितलं नसेल, तर लपवलं. लपवलं म्हणजे संपलं."

"आधीचं आहे हे तुम्ही ठरवता कसं?"

"मी कशाला ठरवू?" ते हसले. "तोच सांगतो."

हे हसणं समजायला आमच्याकडची एक रीत माहीत असावी लागते. इथला माणूस डॉक्टरसमोर दुखण्याचं वय वाढवून सांगतो. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभं राहून राहून तो शिकलेला असतो, की 'आठ दिवसांपासून दुखतं' म्हणणाऱ्याला गोळी देऊन पुढे ढकलतात, आणि 'पंधरा वर्षांपासून' म्हणणाऱ्याकडे डॉक्टर मान वर करून पाहतो. ती मान वर व्हावी एवढ्यासाठी वर्षं वाढवली जातात. त्यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. ते हात जोडण्यासारखं असतं. मग वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर हे सगळं इमानाने केसपेपरवर उतरवतो आणि तो कागद दाव्याबरोबर पोतनीसांच्या टेबलावर येतो.

पोतनीसांना ही रीत माहीत नव्हती असं कोणी म्हणू नये. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितलं, की वॉर्डातून फिरताना सर पहिल्याच दिवशी बजावत, आपल्याकडच्या पेशंटच्या वर्षांचे महिने करा आणि मग औषध लिहा. तीस वर्षं ते स्वतः तसंच करत आले. दुसऱ्या नोकरीत त्यांनी आपल्या ज्ञानात एकच दुरुस्ती केली. वर्षांची वर्षंच ठेवली.

"वेदना मोजता येत नाही," ते म्हणत. "तारीख मोजता येते." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं, की ते म्हटल्यावर ते क्षणभर थांबत. समोरच्याने लिहून घ्यावं म्हणून.

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, ताठ आणि वाकलेली. धरमपेठेतल्या बागेत सकाळी फिरताना ते अनोळखी माणसालाही थांबवून "खांदे मागे" असं सांगत. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या अंत्ययात्रेत तिरडी उचलायला मुलगा खाली वाकला, तेव्हा गर्दीतून पोतनीसांचा आवाज आला, "कमरेत नाही, गुडघ्यात वाक." मुलाला ऐकू गेलं नाही असं वाटून ते पुढे आले, त्याला उभं केलं आणि पुन्हा वाकायला लावलं. या वेळी त्याने बरोबर केलं. मृताला तेवढा वेळ थांबावं लागलं. पोतनीसांनी नंतर हा प्रसंग स्वतःच कितीतरी लोकांना सांगितला, आणि त्यातलं त्यांना वाटणारं तात्पर्य असं होतं, की लोक अगदी नको त्या वेळी निष्काळजी होतात.

त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलं. पूर्वज खजिन्यावर कारकून होते. "आमच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याचा पैसा राखलाय," असं ते म्हणत. राखलेला पैसा कोणाचा आणि कोणापासून, हा प्रश्न त्यांना पडल्याचं दिसलं नाही.

नकाराची पत्रं ते स्वतः लिहीत. कंपनीचे ठरीव मजकूर त्यांना ओबडधोबड वाटत. त्यांच्या पत्रात 'नाही' हा शब्द नसे, 'खेद' नेहमी असे आणि शेवटी प्रकृतीला शुभेच्छा असत. एका दावेदाराने उलट पत्र पाठवून, इतकं सुंदर मराठी हल्ली वाचायला मिळत नाही, असं कळवलं होतं. त्याचा दावाही फेटाळलेलाच होता. ते पत्र पोतनीसांनी मला दोनदा दाखवलं.

त्यांच्याच इमारतीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याची गोष्टही त्यांनी आपणहून सांगितली. त्या अधिकाऱ्याची कंबर बरीच वर्षं धरलेली होती आणि इमारतीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. इंजेक्शन घ्यायचं ठरल्यावर पोतनीस आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेले आणि त्यांना तयार केलं. 'अचानक' म्हणा. 'कुंडी उचलताना' म्हणा. आधीच्या दुखण्याचं कोणी विचारलं तर, 'फारसं नाही' म्हणा. एक रात्र रुग्णालयातच झोपा, घाई करू नका. दावा मंजूर झाला. दुसऱ्या कोणी तपासला असता तर कदाचित शंका आली असती, पण तो पोतनीसांकडेच आला होता.

"हे खोटं नाही का?" मी विचारलं.

"छे. खोटं बोला असं मी एकदाही म्हणालो नाही," ते म्हणाले. "कमी बोला म्हणालो. सुशिक्षित माणसाला ते जमतं."

माझ्या लेखमालिकेसाठी मला नियमांशिवाय एक माणूसही हवा होता. गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याने आपल्याच दुकानातल्या रमेश हेडाऊचं नाव दिलं. रमेशचे आजोबा आणि वडील हातमागावर विणत. माग गेले आणि रमेश कापडाच्या दुसऱ्या टोकाला आला. तो गादीवर मांडी घालून बसे, साड्या उलगडे, घड्या घाले, उठून मागच्या फळीवरून नवा गठ्ठा काढे आणि पुन्हा बसे. वीस वर्षं हेच. कंबर या काळात कधी धरली, कधी सुटली, जशी त्या बाजारात सगळ्यांची धरते. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस गठ्ठा काढताना डाव्या पायात कळ गेली ती थांबेना. तपासणीत चकती सरकलेली दिसली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. बायकोने, कल्पनाने, बचत गटातून उचल घेऊन पैसे भरले. पॉलिसी होतीच, चार वर्षं जुनी. परत मिळणारच होते.

इंजेक्शनाने रमेशला गादीवर बसता येऊ लागलं. आणखी एक घेतलं तर दुखणं बहुतेक आटोक्यात येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण पहिल्याचा दावा फेटाळला गेला. भरतीच्या वेळी शिकाऊ डॉक्टरने विचारलं होतं, कधीपासून दुखतं? रमेशने सांगितलं होतं, वीस वर्षांपासून. पहिले पैसे आल्याशिवाय दुसरं इंजेक्शन घेणं शक्य नव्हतं, आणि त्याचाही दावा फेटाळला जाणार हे उघड होतं. शेठने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "शादी के सीझन तक देखूँगा, रमेशभाऊ. गद्दी खाली नहीं रख सकता मैं."

कल्पनाने फेरविचाराचा अर्ज केला. पोतनीसांनी दोघांना समक्ष बोलावलं आणि मला कोपऱ्यात बसायची परवानगी दिली. आपलं काम कोणी पाहिलेलं त्यांना आवडे.

त्या दिवशी जिन्यात मी त्या दोघांच्या मागे होतो. रमेश कठड्याला धरून एकेक पायरी चढत होता. कल्पना त्याची उजळणी घेत होती.

"काय सांगाल?"

"तीन महिने."

"परत?"

"तीन महिने, वं. कितीदा वदवून राहिली."

"वीस वर्षं तोंडातून निघालं ना, तर मी इथूनच माहेरी जाते, सांगून ठेवते."

"या कमरेनं मी तुले आणाले येऊ शकत नाही, म्हणून बोलून राहिली काय?"

ती हसली नाही, पण तिने त्याच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

पोतनीस त्यांना पाहून उठले. मोठ्या घरात वाढलेल्या माणसाच्या सवयी त्यांच्यात होत्या. दावेदार गांधीबागेतला आहे हे पाहून ते आपली पुस्तकी भाषा सोडून नागपुरीत आले. तेही त्यांना उत्तम जमे.

"ये गा रमेश, बस. या, बाई. काय होऊन राहिलं?"

रमेश स्टुलावर उजव्या कुल्ल्यावर भार टाकून बसला. डावा पाय पुढे सोडला.

"कमरेतून खाली उतरते, सर. डाव्या पायात. करंट लागल्यावानी."

"हं." पोतनीस कागद चाळत होते.

"रात्री झोप नाही लागत."

"हं."

"गादीवर बसलो का पायाले मुंग्या येते."

"येतातच. कधीपासून आहे हे?"

रमेशने एकदा कल्पनाकडे पाहिलं. "तीन महिने."

पोतनीसांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा आला. तो खरा होता की आणलेला हे मला सांगता येणार नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"तीनच महिने? मंग एवढं काय त्याच्यात? माझ्याकडे दहा-दहा वर्षंवाले येते. चालून-फिरून राहिले ते. तीन महिन्यात काय होते?"

त्या खोलीत पुढे काय होणार हे रमेश सोडून बाकी तिघांना कळलं होतं. कल्पनाने त्याच्या बाहीला हात घातला. पण रमेशच्या समोर डॉक्टर होता, आणि त्या डॉक्टरने मान खाली घातली होती.

"नाही, सर, तीन महिने हे जोराचं," रमेश घाईने म्हणाला. "तसं पाहिलं तं वीस वर्षं झाले. गादीवर बसलो तवापासून कंबर धरूनच हाय. लई जुनं दुखणं हाय माझं, सर."

पोतनीसांनी मान वर केली.

"सत्यानास!" कल्पनाने कपाळावर हात मारला. "काय करू मी या माणसाले, बाप्पा!"

"असू दे, बाई. खरं तेच बोलला तो." पोतनीसांनी तांब्यातून ग्लासात पाणी ओतलं आणि रमेशपुढे ठेवलं. "घे, पाणी घे."

रमेशला आपण काय केलं ते पाणी पिऊन झाल्यावर कळलं असावं. त्याने ग्लास खाली ठेवला नाही, दोन्ही हातांत धरून बसला. बोलली ती कल्पना.

"डॉक्टरसाहेब, याचं असंच आहे. आमच्या लग्नात याले थोडा वेळ मांडवात उभं ठेवलं, तं आजही सांगते का दिवसभर उभा होतो. तुम्ही तं सरकारी दवाखान्यात जिंदगी काढली. आपले लोक कसे सांगतात, तुमाले ठाऊक नाही काय?"

"ठाऊक आहे ना."

"मंग काहून असं करता?"

"तिथं मला माणूस बरा करायचा होता, बाई," पोतनीस म्हणाले. ते पुन्हा आपल्या भाषेत आले होते. "इथं दावा तपासायचा असतो."

घर बदलल्यावर नवा पत्ता सांगावा, इतक्या सहजपणे ते हे बोलले. लाज लपवण्यासाठी माणूस आवाज चढवतो किंवा उतरवतो. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"एकदा हात तं लावून पाहा त्याच्या पायाले," कल्पना म्हणाली. "तुम्ही डॉक्टर आहात ना?"

"इथं तपासणी होत नाही."

तेही खरंच होतं. त्या खोलीत तपासणीचा पलंग नव्हता. पुढच्या आठवड्यात पत्र आलं. सदर विकार पॉलिसीपूर्वीचा असल्याचं दावेदाराने समक्ष मान्य केलं आहे, सबब दाव्याचा विचार करता येत नाही याचा खेद वाटतो. शेवटी शुभेच्छा होत्या. रमेशच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, की भरतीच्या वेळची नोंद चुकीची आहे आणि चकती अलीकडेच सरकलेली आहे. त्यावर पोतनीसांचा शेरा आला, हे मत नंतर सुचलेलं दिसतं. माझी मालिका छापून आली. पोतनीसांनी फोन करून अभिनंदन केलं आणि एका वाक्यातली विभक्ती चुकल्याचं दाखवून दिलं. कल्पनाने विमा लोकपालांकडे तक्रार केली आणि ती वाट पाहू लागली.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, लग्नसराई सुरू झाली. शेठने रमेशला आतल्या मोठ्या गादीवरून काढून दारालगतच्या छोट्या गादीवर बसवलं होतं. तिथे किरकोळ गिऱ्हाईक येई. तो कसा निभावतो हे शेठ गल्ल्यावरून पाहत होता, आणि आपल्याला पाहिलं जातं आहे हे रमेशला माहीत होतं. दुखणं शक्य तितकं कमी दिसावं म्हणून तो दिवसभर धडपडत होता. एका दुपारी तक्रारीचं काय झालं ते विचारायला मी दुकानात गेलो होतो आणि आतल्या बाजूला कापडाच्या ताग्यांच्या ढिगामागे बसलो होतो. तेव्हा डॉ. पोतनीस पत्नीबरोबर आत आले. पुतणीच्या लग्नात द्यायला साड्या हव्या होत्या.

रमेशने त्यांना लगेच ओळखलं. पोतनीसांनी त्याला ओळखलं नाही. दाव्याचा क्रमांक सांगितला असता तर कदाचित आठवलं असतं.

बाई गादीच्या कडेला बसल्या. डॉक्टर उभे राहिले. रमेशने एक साडी उलगडली, दुसरी उलगडली. बाईंना वरच्या फळीवरची हवी होती. रमेश उजव्या गुडघ्यावर हात रोवून उठला, साडी काढली, बसला. मग त्या शेजारचीही हवी झाली. तो पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठताना त्याचा श्वास अडकला आणि पोतनीसांचं लक्ष साड्यांवरून त्याच्यावर गेलं.

"थांब," ते म्हणाले. "टाचांवर उभा राहा बघू."

"काही नाही, साहेब. जरासं अवघडलं."

"राहा उभा टाचांवर."

रमेश उभा राहिला. पोतनीस गुडघ्यात वाकले, अगदी शास्त्राप्रमाणे, आणि त्याच्या डाव्या पँटची मोहरी वर सारून त्यांनी पोटरी हातात धरली. मग उजवी धरली. दोन्ही दाबून पाहिल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी त्यांच्या कार्यालयात कधी पाहिला नव्हता.

"शीर दाबलीय. पण हे दुखणं जुनं नाही," ते म्हणाले, रमेशला कमी आणि बायकोला जास्त. "जुनं असतं तर ही पोटरी वाळली असती. भरलेली आहे बघ. वर्षाच्या आतलं काम आहे हे."

"अहो, साड्या बघायला आलोय ना आपण?" बाई म्हणाल्या.

"मणक्यात इंजेक्शन घे," पोतनीस उभे राहत म्हणाले. "वेळ घालवू नकोस. नाही तर ऑपरेशनशिवाय सुटका नाही तुझी. विमा आहे ना?"

"आहे, साहेब."

"मग कशाला अंगावर काढतोस?"

रमेशने पँटची मोहरी खाली केली. त्याने एकदा गल्ल्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"साहेब, हे लिहून देता काय? जुनं नाही म्हणून?"

पोतनीस मोकळेपणाने हसले. "अरे, लिहून काय द्यायचं त्यात? पाय सांगतोय की."

बाईंनी एक साडी पसंत केली. शेठने स्वतः गल्ल्यावरून उठून डॉक्टरसाहेबांना नमस्कार केला आणि भावात थोडी सूट दिली. फी विचारल्यावर पोतनीसांनी हात हलवून नको म्हटलं. मग ते दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि हातगाड्यांच्या गर्दीतून ताठ मानेने चालू लागले. साड्यांची पिशवी बाईंच्या हातात होती. वजन ते कधी उचलत नसत.

ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत शेठ दारात उभा होता. मग तो छोट्या गादीपाशी आला. रमेश नापसंत साड्यांच्या घड्या घालत होता.

"ऑपरेशन बोले ना डॉक्टरसाब?" शेठ हळू आवाजात म्हणाला. "इतने बड़े डॉक्टर हैं, गलत थोड़े ही बोलेंगे. शनिवार तक बैठो, रमेशभाऊ. फिर मैं दूसरा आदमी देखता हूँ."